केळ्याचा केक आणि वरचं गोड फ्रॉस्टिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न, जळगावच्या उन्हासकट

मी जळगावला घरूनच केक करून देते, सात वर्षं झाली आता, आणि फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात, ताई केक मधेच बसला, ताई क्रीम वितळलं, ताई केळी कोणती घेऊ. प्रत्येकीला घाईघाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवलेलं बरं. इथे मुख्य केक केळ्याचाच आहे, आपल्याकडे फळ म्हटलं की आधी केळंच येतं ना डोळ्यासमोर, रावेर, यावल, सावदा, फैजपूर सगळीकडे बागाच बागा. बाकीच्या फळांचं खाली लिहिलंय. माप पण दिलंय, पण नुसतं माप वाचून सुरू करू नका, केळी कशी हवीत आणि फ्रॉस्टिंग कुठलं हवं ही दोन उत्तरं आधी वाचा, केक बिघडतो तो बहुतेक वेळा याच दोन जागी.

केळी कोणती घ्यायची? छान पिवळीधमक आणलीयेत, चालतील का?

ती खायला ठेवा, केकला नको. केकला केळं पाहिजे ते सालीवर काळे ठिपके आलेलं, अर्ध्याहून जास्त साल तपकिरी झालेली, हातात घेतलं की मऊ लागतं आणि डबा उघडला की वास येतो असं. कच्च्या केळ्यात पिठूळपणा म्हणजे स्टार्च भरपूर असतो, पिकता पिकता त्याची साखर होते, आणि केळ्याचा जो खरा वास आहे ना तो अगदी शेवटी शेवटी येतो. पिवळ्या केळ्याचा केक गोड होईल कारण साखर आपण घालतोच, पण तो केळ्याचा लागणार नाही, नुसता ओलसर मैदा लागेल.

जात कुठली हे पण विचारतात खूपजणी. आपल्याकडे बाजारात जास्त करून ग्रँड नैनच येतं, टिश्यू कल्चरच्या म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांचं, ते उत्तम आहे, गर मऊ, दाणा नाही. जुनं श्रीमंती किंवा बसराई मिळालं तर नक्की घ्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे बाहेरच्या लोकांनाही कळलंय की हे केळं वेगळं आहे, आणि आपण मात्र डाग पडला की गाईपुढे टाकतो याचं मला खरंच वाईट वाटतं. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की, नाहीतर घासलेला, डागी माल असला की त्या फणीला कोणी भाव देत नाही, आतला गर मात्र पूर्ण चांगला असतो. ओळखीच्या बागवाल्याला सांगून ठेवा, मी तशीच आणते, त्यालाही दोन पैसे सुटतात. फक्त साल फाटून आत पाणी सुटलेलं, आंबूस किंवा दारूसारखा वास येणारं केळं घेऊ नका, ते पिकलेलं नाही, ते नासलंय.

काळी पडलेली केळी घरातले टाकून देतात, साठवायची कशी?

माझ्या सासूबाई शिरपूरच्या, पहिल्यांदा त्यांनी ताटात काळी केळी बघितली तेव्हा म्हणाल्या "हाई कसाले ठेवेल शे?" म्हणजे हे कशाला ठेवलंय, आणि उचलून बाहेर ठेवायला निघाल्या होत्या, आता त्याच डागी केळी बाजूला काढून ठेवतात माझ्यासाठी. फ्रीजमध्ये ठेवलं तर साल लगेच काळीकुट्ट होते पण आतला गर तीन-चार दिवस छान राहतो, सालीला बघून घाबरू नका. जास्त असतील तर सोलून, कुस्करून, ३०० ग्रॅमचं एकेक पाकीट करून फ्रीजरला टाका, एका केकचा हिशोब होतो तो. बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं, ते फेकू नका, त्यातच गोडवा असतो, गरात परत ढवळून घ्या. वापरताना रूम टेंपरेचरला येऊ द्या, थंडगार गर घातला की दही आणि तेल नीट मिळून येत नाही.

वाढदिवस उद्या आहे आणि केळी अजून हिरवट आहेत, काय करू?

हिरवट असतील तर एका दिवसात काही होत नाही, खरं सांगते, बाजारातून पिकलेली आणा. पिवळी असतील तर सालीसकट ओव्हनमध्ये १५० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं ठेवा, साल काळी होते, गर मऊ होतो, थोडा गोडवा पण वाढतो, वास मात्र पिकलेल्या केळ्यासारखा येत नाही. हा उपाय नड भागवायला आहे. दोन-तीन दिवस हातात असतील तर कागदी पिशवीत एक पूर्ण पिकलेलं केळं टाकून त्यात ही ठेवा आणि तोंड बंद करा, पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो त्याने बाकीची पिकतात. आपल्या आज्या गव्हाच्या कोठीत नाहीतर गवतात आंबे-केळी घालून ठेवायच्या, ते हेच. मे महिन्यात दोन दिवसांत होतात, थंडीत पाच-सहा दिवस धरून चाला.

बाजारातली केळी पावडर टाकून पिकवतात म्हणे, ती वापरावी का?

ती पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड असेल तर त्याने फळ पिकवायला आपल्या देशात अन्नसुरक्षेच्या कायद्याने बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात ते वेगळं, तिथे थंड खोलीत इथिलीन वायू सोडतात, तोच जो फळ स्वतःहून सोडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त चेंबरमधून आलेलं केळं रंगाने पिवळं झालेलं असतं, ते घरी आणून अजून दोन-तीन दिवस ठेवायचं ठिपके येईपर्यंत.

आता माप सांगा, ग्रॅममध्ये.

सात इंची गोल टीनसाठी, बिनअंड्याचा. केळ्याचा गर ३०० ग्रॅम, म्हणजे मध्यम तीन केळी, सालं काढून वजन करा. मैदा १८० ग्रॅम म्हणजे दीड कप. साखर १५० ग्रॅम, पाऊण कप. वास नसलेलं तेल १०० मिली, इथे घाण्याचं शेंगदाणा तेल वापरू नका, भाजीला ते सोनं आहे पण केकमध्ये त्याचाच वास येतो. घट्ट ताजं दही ६० ग्रॅम, पाव कप. खायचा सोडा अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर एक टीस्पून, चिमूटभर मीठ, आणि जायफळ किसून घाला, वेलची पण चालते पण केळ्याला जायफळ जास्त जवळचं आहे. अक्रोड नाहीतर काजू मूठभर.

गर काट्याने कुस्करा, मिक्सरला लावू नका, बारीक बारीक गाठी राहिल्या तर खाताना मधेच केळं लागतं ते मला फार आवडतं. त्यात साखर, तेल, दही घालून साखर विरघळेपर्यंत हलवा. मैदा, सोडा, पावडर, मीठ, जायफळ दुसऱ्या भांड्यात दोनदा चाळून घ्या आणि मग हे कोरडं त्या ओल्यात टाकून हलक्या हाताने वरखाली करा, कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा, अगदी तिथेच थांबा. टीनला तेल लावून खाली बटर पेपर घाला, टीन दोन तृतीयांशच भरा. १७० डिग्रीला आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये ४० ते ४५ मिनिटं.

झाला की नाही कसं ओळखायचं?

मधोमध सुरी घाला, ओलं पीठ चिकटून आलं तर अजून पाच मिनिटं, दोन-चार ओलसर कण आले तर झाला. केळ्याच्या केकची सुरी एकदम कोरडी येईपर्यंत वाट बघितली तर केक कोरडा झालाच समजा. वरून बोटाने हलकं दाबलं तर तो परत वर आला पाहिजे, आणि कडा टीनपासून सुटायला लागल्या पाहिजेत.

अंडं घालायचं असेल तर?

दही काढा, दोन अंडी साखर-तेलासोबत फेटा, बेकिंग पावडर अर्धा टीस्पूनच ठेवा, बाकी सगळं तेच. थोडा जास्त फुलतो आणि हलका होतो. पण खरं सांगू का, केळ्याच्या केकला अंड्याची तेवढी गरजच नसते, केळ्याचा गर स्वतःच धरून ठेवतो सगळं. माझ्याकडच्या बहुतेक ऑर्डरी बिनअंड्याच्याच असतात आणि कोणाला फरक कळत नाही.

सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही कशाला? एकच घातलं तर?

सोड्याला फुलायला आंबट लागतं, इथे ते दह्यातून मिळतं आणि थोडं केळ्यातून. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट दोन्ही आधीच असतं, ती ओव्हनच्या उष्णतेने परत एकदा फुलते. नुसता सोडा वाढवला तर सगळ्या सोड्याला पुरेल एवढं आंबट नसतं, तो तसाच राहतो आणि मग केक साबणासारखा लागतो, रंग पण काळपट येतो. म्हणून दोन्ही, आणि सपाट चमचा, शिगोशीग नाही. अजून एक, सोडा ओल्यात पडला की तिथल्या तिथे काम सुरू करतो, तेव्हा पीठ कालवून ठेवून मग ओव्हन तापवायला जाऊ नका, कालवलं की लगेच आत. पावडर जुनी असेल तर गरम पाण्यात चमचाभर टाकून बघा, भसाभस बुडबुडे आले नाहीत तर ती बदला.

मैद्याऐवजी कणिक वापरली तर?

चालते, केळ्याला कणकेची चव छान जुळते उलट. पण कणिक पाणी जास्त पिते त्यामुळे दोन-तीन चमचे दूध वाढवा आणि पीठ कालवून झाल्यावर जास्त वेळ ठेवू नका. पोळ्यांची बारीक कणिक घ्या, चाळून, रवाळ नको. पहिल्यांदा करत असाल तर अर्धी कणिक अर्धा मैदा करून बघा.

ओव्हन नाही, कुकरमध्ये होईल का?

होईल, मी पहिली दोन वर्षं कुकरमध्येच केले. पाच लिटरच्या वरचा कुकर, शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, हे विसरू नका, आत पाणी अजिबात नाही. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड नाहीतर उलटी वाटी, झाकण लावून मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापू द्या. मग टीन आत ठेवायचं, पाच मिनिटांनी गॅस अगदी बारीक, आणि ४५ ते ५५ मिनिटं. झाकण सारखं उघडू नका, चाळीस मिनिटांनंतर पहिल्यांदा बघा. वरून रंग ओव्हनसारखा येत नाही, पांढुरका राहतो, पण फ्रॉस्टिंग लावणार असू तर तो दिसतोच कुठे. मीठ फेकू नका, डब्यात भरून ठेवा, परत परत त्याच कामाला येतं. अॅल्युमिनियमचा साधा डबा टीन म्हणून चालतो.

केक आत असताना लाईट गेली तर?

हे फार होतं आपल्याकडे, उन्हाळ्यात तर जास्तच. अर्ध्या तासानंतर गेली असेल तर ओव्हनचं दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर तो बराचसा शिजतो, दहा-पंधरा मिनिटांनी लाईट आली तर परत चालू करून पुरा करा. पहिल्या वीस मिनिटांत गेली तर तसं ठेवून उपयोग नाही, केकने अजून आतून धरलेलं नसतं, तो खाली जाईल. मी अशा वेळी कुकर लगेच गॅसवर चढवते आणि टीन उचलून त्यात ठेवते, थोडा कमी फुलतो पण वाया जात नाही. ऑर्डर असली की मी पहाटे पाचला भाजते, त्या वेळी लाईट बहुतेक टिकते आणि स्वयंपाकघर पण भट्टी झालेलं नसतं.

मधे खड्डा पडला, खाली ओला चिकट थर बसला, असं का?

खड्डा पडला म्हणजे एकतर दार लवकर उघडलं, नाहीतर सोडा जास्त झाला, नाहीतर मधला भाग कच्चाच होता. ओला थर बसला तर केळं जास्त झालंय. चार केळी उरली होती म्हणून चारही घातली असं सांगतात बायका, आणि केळ्यांचा आकार केवढा वेगळा असतो, आपल्याकडचं एक मोठं केळं शहरातल्या दोन केळ्यांएवढं भरतं, म्हणून तर वजन करा म्हणते. ३०० म्हणजे ३००. स्वयंपाकघराचा साधा वजनकाटा घ्याच, केकचे निम्मे प्रश्न त्याने सुटतात.

रबरासारखा चिवट झाला.

जास्त फेटलं. मैद्याला पाणी लागून सारखं ढवळलं की त्यात ग्लूटेन तयार होतं, पोळीला ते हवं असतं, केकला नको. इलेक्ट्रिक बीटर इथे काढूच नका, तो फ्रॉस्टिंगला लागेल.

फ्रॉस्टिंग कोणतं करू? व्हिडिओत दाखवतात तसं बटरक्रीम का जमत नाही?

बटर आणि पिठीसाखर फेटून करतात ते हे बटरक्रीम, जमत नाही असं नाही, आपल्या उन्हात टिकत नाही. बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळायला लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, घरात पंख्याखाली सुद्धा ३६-३७ असतंच. म्हणजे बटरक्रीम तिथे उभंच राहू शकत नाही, तुम्ही कितीही साखर घाला. व्हिडिओ करणारी बाई एसीत उभी असते, तिचं खरं आहे पण ते तिच्या खोलीपुरतं.

माझ्याकडून एकदा हे झालंय म्हणून इतकं सांगते. पहिल्याच वर्षी मे महिन्यात चोपड्याला एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक होता, मी गुलाबी बटरक्रीमची फुलं काढली होती, चार तास लागले होते, फ्रीजमध्ये दगडासारखा घट्ट करून दुपारी गाडीने पाठवला. तिथे डबा उघडला तर सगळी फुलं एका बाजूला सरकून पुठ्ठ्यावर गोळा झाली होती आणि वरचा थर सुटून खाली तुपासारखं पिवळं पाणी. त्या आईने फोनवर एक शब्द वाईट बोलला नाही, फक्त हळू आवाजात म्हणाली, ताई आता काय करू, पाहुणे आलेत. मी पैसे परत केले पण तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर मार्च ते जून मी बटरक्रीमची ऑर्डर घेत नाही, सरळ सांगते, चक्क्याचं करून देते.

चक्क्याचं फ्रॉस्टिंग म्हणजे श्रीखंडच ना?

जवळचं आहे पण अगदी श्रीखंड नाही, साखर कमी आणि घट्टपणा जास्त. चक्का घट्ट असतो तो दुधातल्या प्रोटीनमुळे, बटरसारखा फॅटवर उभा नसतो, म्हणून तो उन्हाने वितळत नाही. उन्हात त्याला पाणी सुटेल, आंबटपणा वाढेल, पण ओघळून खाली येणार नाही. आणि केळ्याचा केक मुळात गोड, त्यावर दुप्पट गोड बटरक्रीम घालण्यापेक्षा हे थोडं आंबट-गोड तोंडाला फार छान लागतं. मला विचाराल तर थंडीतसुद्धा केळ्याला हेच.

करायचं असं. फुल फॅट दुधाचं एक लिटर ताजं गोड दही पातळ सुती कापडात बांधून टांगा, पण उन्हाळ्यात बाहेर टांगलं की आंबतं, म्हणून चाळणीत पुरचुंडी ठेवून खाली पातेलं, वर वजन आणि ते सगळं फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी कापड सोडलं की चक्का एका गोळ्यात सुटून आला पाहिजे, कापडाला चिकटून राहत नाही तो खरा. त्यातला ३०० ग्रॅम चक्का पुरणाच्या चाळणीतून घासून काढा, गाठ एक राहता कामा नये. मग पिठीसाखर ८० ग्रॅम आणि दूध पावडर दोन टेबलस्पून चाळून, थोडं थोडं, पळीने घोटत घाला. वेलची, हवं तर केशर कोमट दुधात चमचाभर. परत तासभर फ्रीज. मग केक पूर्ण गार झाल्यावरच लावा, कोमट केकवर लावलं तर पाणी सुटणारच.

साखर घातली आणि चक्का पातळ झाला!

होतोच, साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते. म्हणून तर दूध पावडर, ती ते पाणी पिते. तरी सैल वाटलं तर अजून एक चमचा पावडर आणि दोन तास फ्रीज. बीटर लावला असेल तर तेही कारण, चक्का घोटायचा असतो, फेटायचा नसतो. आणि पिठीसाखर घरी दळली असेल तर अगदी बारीक चाळा, एक कप साखरेत एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर घालून दळलं की बाजारच्या आयसिंग शुगरसारखी होते.

डिसेंबरमध्ये तरी बटरक्रीम करू ना?

करा की, तेव्हा आपल्याकडे थंडी चांगली पडते. १०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम पिठीसाखर, एक-दोन चमचे दूध. बटर बिनमिठाचं घ्या, घरात पोळीला लावायला येतं ते बहुतेक मीठवालं असतं. थंडीत उलटा त्रास, बटर फ्रीजबाहेर ठेवूनही घट्टच राहतं, तर वितळवू नका, तुकडे करून उन्हात दहा मिनिटं ठेवा, बोट रुतेल इतकंच. आधी नुसतं बटर पाच मिनिटं फेटून पांढरं होऊ द्या, मग साखर.

फ्रेश क्रीम फेटून फेटून हात दुखले, घट्टच होत नाही.

नाही होणार. पाकिटातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्केच फॅट असतं, हवा धरून उभं राहायला तीस-पस्तीस टक्क्यांच्या पुढे लागतं. व्हिपिंग क्रीम लिहिलेलंच आणा. बेकरी सामानाच्या दुकानात गोठवलेलं नॉनडेअरी म्हणजे बिनदुधाचं व्हिपिंग क्रीम मिळतं, ते आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये काढा, बाहेर ठेवून वितळवू नका, भांडं आणि बीटरची पाती पण गार करा, भांड्याखाली बर्फाचं ताट ठेवा. ते जास्त टिकतं हे खरं पण चवीला मला वनस्पती तुपासारखं लागतं. मधला मार्ग म्हणजे फेटलेलं क्रीम थोडं, चक्का जास्त, एकत्र करायचं, हलकं पण होतं आणि चव पण राहते.

वरून केळ्याचे काप लावले, तासाभरात काळे झाले.

कापलेल्या केळ्याला हवा लागली की ते काळं पडणारच. लिंबाचा रस पुसला तर थोडा वेळ धरतं. मी काप लावतच नाही, त्याऐवजी आपले केळीचे वेफर्स हाताने चुरडून वर पेरते, तिखट नाही, साधे खारे. गोड आंबट फ्रॉस्टिंगवर तो खारा कुरकुरीतपणा एकदा खाऊन बघाच, लहान मुलं वरचे वेफर्स आधी वेचून खातात. फक्त वाढायच्या अगदी आधी टाका, चक्क्याचा ओलावा लागला की तासाभरात मऊ पडतात.

दुसऱ्या फळांचा करायचा असेल तर?

सीताफळ, ते केकच्या पिठात घालून भाजू नका, गर तापला की कडवट होतो, बिया काढून गर चक्क्यात मिसळा, भाजायचं काही नाही, दिवाळीच्या आधी हे फ्रॉस्टिंग मी सगळ्यात जास्त करते. पपई शहादा भागात भरपूर, पण कच्ची-ताजी पपई किंवा ताजा अननस दह्या-दुधात घातला की त्यातलं एन्झाइम प्रोटीन तोडतं आणि फ्रॉस्टिंग पातळ आणि कडू होतं. अननस साखरेत दहा मिनिटं शिजवून गार करून घाला मग काही होत नाही. आंब्याचा रस कढईत आटवून निम्मा करून घ्या, नायतर पाणी फार. चिकू छान, केळ्यासारखाच वापरा, फक्त साखर कमी.

गूळ घातला तर? घरात शुगरवाले आहेत.

गूळ चालतो चवीला, किसून केळ्याच्या गरात विरघळवून गाळून घ्या, खडे निघतात, रंग तपकिरी येतो. पण शुगरवाल्यांसाठी गूळ म्हणजे साखरच आहे, आणि पिकलेलं केळं पण गोडच, त्यामुळे गुळाचा आहे म्हणून दोन तुकडे जास्त देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

एकादशीला चालतो का?

नाही हो, मैदा आहे त्यात.

किती दिवस टिकतो? धुळ्याला बहिणीकडे न्यायचाय.

नुसता केक, फ्रॉस्टिंगशिवाय, थंडीत दोन-तीन दिवस बाहेर डब्यात, उन्हाळ्यात एकच दिवस, मग फ्रीज. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. गुंडाळून फ्रीजरला महिनाभर राहतो. चक्का लावलेला केक फ्रीजमध्ये दोन दिवस, बाहेर उन्हाळ्यात तासाभराच्या वर नको.

धुळ्याला एसटीने जायचं म्हणजे अडीच-तीन तास, तर लावून नेऊ नका. केक वेगळ्या डब्यात, फ्रॉस्टिंग स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांमध्ये थर्माकोलच्या खोक्यात, आणि पोचल्यावर तिथे पसरवा, पाच मिनिटांचं काम आहे. वेफर्सचं पाकीट वेगळं. खोकं एसटीच्या टपाजवळच्या रॅकवर ठेवू नका, तिथे सगळ्यात जास्त तापतं, पायाशी ठेवा.

सात इंचीचा किती जणांना पुरतो? माझ्याकडे नऊ इंची टीन आहे.

फ्रॉस्टिंग धरून किलोच्या आसपास भरतो, दहा-बारा जणांना व्यवस्थित. नऊ इंचीला माप दुप्पट करू नका, दीडपटीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे गर ५०० ग्रॅम, मैदा ३००, साखर २५०, तेल १६५, दही १००, सोडा पाऊण टीस्पूनला थोडा वर, पावडर दीड टीस्पून. वेळ ५० मिनिटांपासून पुढे बघत राहा, आणि वरून लवकर रंग आला तर फॉइल ठेवा.